मामाकडे गेलेल्या बहिणी

धोंडूबाईनं स्वतःच्या घरी व्हिडिओवर लावलेला एकही सिनेमा बसून बघितला नाही. आम्ही चाळीतल्या बायका खाली सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसायचो आणि ही टीव्हीच्या बाजूला उभी. एका हातात वायरचा रिमोट, दुसरा हात कमरेवर. नजर एकदा टीव्हीवर, एकदा स्वयंपाकघराच्या पडद्याकडे. पाय तर एका जागी ठरायचेच नाहीत.

"धोंडू, बस ना गं. घाण्याच्या बैलासारखी फिरतेस," जाईबाई म्हणायची. जाईबाई आमच्या चाळीतली सगळ्यात मोठी. दात गेलेले, पण तोंडाला धार.

"तुमी बगा. मी बसली की माजं चित्त थाऱ्यावर ऱ्हात न्हाय."

"उभी ऱ्हायल्यावर तरी कुठं ऱ्हातं?"

कामतघरला आमच्या चाळीची मागची भिंत आणि लूमच्या, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांच्या, कारखान्याची भिंत एकच होती. दिवसरात्र खटाखट चालायची. फळीवरची पितळी भांडी थरथरत थरथरत कडेला यायची, ती रोज मागे सारायला लागायची. बोलायचं म्हणजे कानाशी जाऊन बोलायचं. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी एवढं शांत व्हायचं की पहिला तासभर आम्ही उगाचच ओरडून बोलायचो. सिनेमातलं बोलणं ऐकू यायचं ते फक्त शुक्रवारी, म्हणून धोंडूबाईचा व्हिडिओ फक्त शुक्रवारी दुपारी, आणि फक्त बायकांसाठी. पुरुष त्या दिवशी टॉकीजला जायचे नाहीतर झोपायचे. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर आम्हा बायकांचं टॉकीजला जाणं जवळजवळ सुटलंच होतं. धोंडूबाई तेवढी जायची, त्याचं कारण पुढे येईल.

हा व्हिडिओ तिच्या मुलानं, दौलतनं मस्कतहून आणलेला. दौलत तिकडे वायरमन. सत्त्याऐंशी साली सुट्टीवर आला तेव्हा रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ दोन्ही घेऊन आला, आईला बटणं शिकवली आणि परत गेला. टीव्हीच्या वर भिंतीला बाबासाहेबांची आणि भगवान बुद्धांची तसबीर होती. सिनेमा सुरू करण्याआधी धोंडूबाई स्टुलावर चढून दोन्ही तसबिरींवर एक धुतलेला पंचा सोडायची. म्हणायची, "त्यांनी कशाला बगायचं हे." सिनेमा संपला की पंचा काढून, घडी करून, हात जोडून मग चहा टाकायची. मी दर पौर्णिमेला विहारात जाणारी, पण हे मला कधी सुचलं नसतं.

त्या वेळच्या हिंदी सिनेमात हिरोला एक बहीण असायची. भावाला नोकरी लागायची, पेढे वाटले जायचे, राखी बांधली जायची, आणि मग त्या बहिणीचं व्हायचं ते व्हायचं. साडी फाटणं, किंचाळणं, बांगड्या फुटणं, सगळं दाखवायचे. मग ती बहीण विहिरीत नाहीतर कड्यावरून उडी टाकायची आणि भाऊ सूड घ्यायला निघायचा. प्रत्येक सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट दिसायचं, सही-शिक्क्यासकट. म्हणजे हे सगळं कोणीतरी बसून बघितलेलं आणि ठीक आहे म्हणून सोडलेलं.

ते सर्टिफिकेट टीव्हीवर आलं की धोंडूबाई म्हणायची, "यांनी कापलं ते कापलं. ऱ्हायलेलं मी कापते."

आणि ती खरंच कापायची. राखीचं ताट दिसलं की तिचा अंगठा बटणावर जायचा. व्हिडिओ बंद करायची, टेप पुढे पळवायची, आतून घरघर आवाज, टीव्हीवर नुसती निळी काच. परत लावायची तेव्हा ते दृश्य गेलेलं असायचं, विहीरसुद्धा गेलेली असायची, आणि हिरो कपाळाला पट्टी बांधून बंदुकीत गोळ्या भरत असायचा.

"अगं, बहीण कुठं गेली त्याची?" जाईबाई विचारायची.

"मामाकडं."

"कुठला मामा? पिक्चरमधी तर मामा आलाच न्हाय."

"दाखवला न्हाय म्हणून मामा नसतो काय कुणाला?"

"आन हा त्या मिशीवाल्याला कशापायी मारतोय?"

"बांधावरून."

"कसल्या बांधावरून?"

"शेताच्या. आपल्याकडं न्हाय होत भांडणं?"

बायका हसायच्या. पुढे पुढे त्यांना सवय झाली. हिरो मोटारसायकलवरून गोदामाच्या काचा फोडत आत शिरला की कोणीतरी म्हणायचं, बघा, एका वितीच्या बांधापायी काय चाललंय. बहीण दिसेनाशी झाली की बायका आपणच सांगायच्या, गेली मामाकडं. चाळीत ते बोलणंच पडून गेलं. कोणाची वाटी हरवली तरी मामाकडे गेली म्हणायचे.

हे सगळं कलावतीसाठी चालायचं, ते जाईबाई आणि मी जाणून होतो. इतरांनाही कळत असावं, पण कोणी बोललं नाही.

कलावती धोंडूबाईच्या भावाची, वडप्याच्या सोमाची मुलगी. तिकडे हायवेला गोदाम झालं तेव्हा पॅकिंगच्या कामाला लागली होती. बावीस वर्षांची, चालायला झपाझप, बोलायला मोकळी. एका संध्याकाळी गोदामाच्या मुकादमानं तिला हिशोबाला म्हणून मागे थांबवलं. त्यापुढचं मी लिहीत नाही. पोलिसांत कोणी गेलं नाही. मुकादम निघून गेला, आणि वडप्यात कोणी विचारलं की सोमा सांगायचा, पोरगी आत्याकडं गेलीय.

आत्याकडे आल्यापासून कलावती उंबऱ्याबाहेर पडली नाही. दोन वर्षं होत आली होती. आतल्या खोलीत बसून कापडाच्या ताग्यांचे सुटे धागे कात्रीनं कापायची. काम धोंडूबाई कारखान्यातून आणून द्यायची आणि नेऊन द्यायची. नळावर जाणं नाही, दुकानात जाणं नाही. चपला मोरीवरच्या फळीवर ठेवलेल्या. धोंडूबाई अधूनमधून त्या पुसून ठेवायची.

व्हिडिओ आला तेव्हा धोंडूबाईच्या डोक्यात एकच होतं. पोरगी निदान आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत येऊ दे, चार बायकांत बसू दे. पहिले काही शुक्रवार कलावती पडद्याआड बसून नुसती ऐकायची. एकदा सिनेमातला मोलकरीण झालेला नट पदर सावरताना पडला आणि पडद्याआडून हसण्याचा आवाज आला. जाईबाईचा हात कुरमुऱ्याच्या वाटीतच राहिला. धोंडूबाईनं तो भाग मागे नेऊन तीनदा लावला.

"आमी काय येडे हाव? परत परत काय तेच?" जाईबाई म्हणाली, पण तिसऱ्यांदा तीच सगळ्यांत मोठ्यानं हसली, आत ऐकू जाईल असं.

मग कलावती पडद्याजवळ बसायला लागली. नंतर पडद्याच्या अलीकडे. मग एक दिवस माझ्या शेजारी येऊन बसली, मांडीवर तागा, हातात कात्री. धोंडूबाईनं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि उभ्या उभ्या पाय बदलत राहिली.

आता एवढं सगळं अंगठ्यावर आलं म्हटल्यावर धोंडूबाई कॅसेट घरात आणण्याआधी तो सिनेमा टॉकीजात जाऊन बघायची. मंगळवारी दुपारी, एकटी. लिहिता येत नसे, म्हणून खुणा ध्यानात ठेवायची. गाणं संपलं की बसस्टँड, बसस्टँड झाला की दाबायचं. आजारी आईला औषध पाजलं की दाबायचं. टॉकीजातून परत येताना रस्त्यानं पुटपुटत यायची. कोणी हाक मारली तरी थांबायची नाही, म्हणायची, "बोलवू नको, खुणा सांडतील."

तिच्यामुळे मलाही सवय लागली. अजून सिनेमात पेढे वाटायला लागले की मी उठून आत जाते.

एकोणनव्वदच्या श्रावणात आमच्या नगरपालिकेच्या शाळेत बालवाडीला मदतनीस हवी होती. मी तिथे शिकवत होते. कलावती सातवी पास, आवाज गोड. मी धोंडूबाईला सांगितलं, धोंडूबाई तिला बोलली. कलावती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "बगू," म्हणाली. दोन वर्षांत त्या घरात बाहेरच्या कशाबद्दलही "बगू" झालं नव्हतं. धोंडूबाईची झोपच गेली. सकाळी मी दूध घ्यायला निघाले की ही दारात. "बाई, जागा भरली तर न्हाय ना?" संध्याकाळी परत. "बाई, सोमवारपर्यंत धरून ठेवा. मी तिला बोलत न्हाय, बोलली की आत जाते. आपोआप येऊ दे."

तो शुक्रवार त्या सोमवारच्या आधीचा.

सिनेमा नवा होता. टॉकीजात नुकताच लागलेला आणि लगेच कॅसेट आलेली, म्हणून गर्दी दारापर्यंत. धोंडूबाईनं मंगळवारी तो बघून ठेवला होता. खुणाही आदल्या दिवशी मला म्हणून दाखवल्या. राखी, मग कोर्ट, मग मोठं गाणं, मग बहीण दिव्याची वात पुढे सारते तिथं दाबायचं. म्हणजे मध्यंतराच्या नंतर, चांगला वेळ होता.

कॅसेट लावली. त्या दिवशी टीव्हीवर सर्टिफिकेट आलं नाही, एकदम नावंच सुरू झाली. माझ्या ते लक्षात आलं, पण मला वाटलं टेप थोडी पुढे गेली असेल. धोंडूबाई स्टुलावरून पंचा सोडत होती, तिनं बघितलंच नाही.

राखी झाली. आता कोर्ट येणार, म्हणून धोंडूबाई चहाचं आधण बघायला आत गेली. रिमोट तिनं सतरंजीवर ठेवला. कोर्ट आलं नाही. घर आलं, दुपारचं, बहीण एकटी केस विंचरत बसलेली, आणि दाराची कडी आतून लावणारा एक हात.

टॉकीजात हा भाग इथे नव्हताच. सेन्सॉरनं तो कापायला लावला होता, आणि उरलेला तुकडा सिनेमावाल्यांनी मध्यंतरानंतर, दिव्याच्या वातीपाशी जोडला होता. आम्ही बघत होतो ती कॅसेट बाहेरच्या देशात विकायला काढलेली, न कापलेली. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की धोंडूबाईनं सांगितलेल्या खुणांपेक्षा हे वेगळं आहे, लांब आहे आणि संपत नाही. बायका दगडासारख्या बसलेल्या. मी रिमोट उचलला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि जे बटण हाताला लागलं ते दाबलं. चुकीचं होतं. चित्र जागच्या जागी थांबलं. त्या मुलीचा चेहरा, तोंड उघडं, आणि मधूनमधून पांढऱ्या रेघा. थरथरत होता तो चेहरा, थांबवलेलं चित्र थरथरतं तसा.

धोंडूबाई आतून धावत आली. हातात सांडशी तशीच. टीव्हीसमोर उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी पसरून.

"लाईट गेली," ती म्हणाली. "लाईट गेली. चला, उठा समद्या."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. जाईबाई म्हणाली, "व्हय, गेली बाई लाईट," आणि गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागली.

"आते, बाजूला हो," कलावती म्हणाली.

"कला, आत जा."

"बाजूला हो. मना बगायचंय."

धोंडूबाई हलली नाही. कलावतीनं मांडीवरचा तागा खाली ठेवला, माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि बरोबर बटण दाबलं. कुठून शिकली होती, कोण जाणे, बघून बघूनच. आवाज सुरू झाला. धोंडूबाईच्या पदराच्या दोन्ही बाजूंनी जेवढं दिसत होतं तेवढं आम्हाला दिसत होतं. मग दार उघडलं, माणूस निघून गेला. ती बहीण उठली. तोंड धुतलं. भावाच्या फोटोला नमस्कार केला आणि चालत विहिरीवर गेली. कलावती मान तिरकी करून आत्याच्या काखेखालून बघत होती. पाण्याचा आवाज आला. भाऊ ओरडला.

कलावतीनं बंद केलं.

"म्हणजे ही मामाकडं न्हाय गेली."

धोंडूबाईनं पसरलेला पदर आवरला.

"आन त्या आधीच्या? वकिलाची बहीण? ती वेणी घातलेली, मास्तराची?"

"कला, पिक्चर हाय तो."

"समद्या विहिरीतच गेल्या?"

"एक कड्यावरून," जाईबाई हळूच म्हणाली. बाई खोटं बोलायला कधी शिकली नाही.

कलावती टीव्हीपाशी वाकली. काहीतरी केलं, मला पाठ दिसत होती. मग आत गेली. आम्हाला वाटलं रडायला गेली. ती बाहेर आली तेव्हा पायात चपला होत्या. बायकांमधून वाट काढत, कोणाला धक्का न लावता, ती उंबरा ओलांडून गेली.

दोन वर्षं ज्यासाठी धोंडूबाईनं जिवाचं रान केलं तेच झालं होतं, आणि आमच्या डोळ्यांसमोर विहीर होती.

धोंडूबाई अनवाणी निघाली, मी तिच्या मागे. चाळीच्या टोकाला रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा. शुक्रवारमुळे सगळं बंद, लूम गप्प, हाक मारली असती तर पार नाक्यापर्यंत ऐकू गेली असती. पण धोंडूबाई हाक मारेना. "हाका मारल्या की समद्या दारात येतील, बाई. मंग ती परत कंदी निगायची न्हाय बाहेर." म्हणजे त्या घटकेलाही ती सोमवारचाच विचार करत होती. मग लगेच म्हणाली, "विहीर बगा तुमी. मी तलावावर जातंय." आणि लगेच म्हणाली, "नको, मना एकटीला सोडू नका."

विहिरीवर दोन मुली कपडे धूत होत्या. त्यांनी कोणाला बघितलं नव्हतं. वऱ्हाळा तलावाकडे जाताना धोंडूबाई पळतही नव्हती आणि चालतही नव्हती. दोन पावलं धावायची, थांबायची, मागे वळून बघायची, मग परत. तोंडानं एकसारखं चाललेलं, "मीच कापून कापून दाखवलं. एकदा समदं दाखवलं असतं तर घाबरली असती, रडली असती, पन कळलं असतं. आज एकदम कळलं." मी मनातल्या मनात त्रिशरण म्हणत होते. तिसऱ्यांदा म्हणताना शब्द चुकले, परत पहिल्यापासून सुरू केलं.

तलावाच्या काठी म्हशी धुणारे होते. पाणी हलत होतं ते म्हशींनी. धोंडूबाई काठावर उभी राहून पाण्याकडे बघत राहिली, मग म्हशीवाल्याला विचारलं, "भाऊ, इथं कोन पोरगी आलती?"

"कैसी लडकी?"

ती सांगायला गेली आणि तिला आठवेना कलावतीनं कोणती साडी नेसली होती. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हिरवी. म्हशीवाला म्हणाला, हिरवी साडीवाली इथे नाही, पण मघाशी येताना बघितली, ती कॅसेटच्या दुकानात हनीफभाईशी भांडत होती.

हनीफभाई मोमीन म्हणजे ज्याच्याकडून धोंडूबाई कॅसेट आणायची तो. नाक्यावर लहानसं दुकान, शुक्रवारी नमाजनंतर उघडायचा. आम्ही गेलो तेव्हा कलावती काउंटरसमोर उभी होती, ताठ, दोन्ही हातांत कॅसेट धरून. टीव्हीपाशी वाकली होती ती कॅसेट काढायला. रस्त्यावर उभं राहायची सवय गेलेली, त्यामुळे मागून सायकल गेली तरी अंग चोरत होती, पण जागा सोडत नव्हती.

धोंडूबाई शटरला धरून उभी राहिली. आत गेली नाही. मला हातानं थांबवलं.

"बहन, मैं क्या बोल रहा हूँ समझो," हनीफभाई म्हणत होता. "तुमच्या आत्यानं टॉकीजचा बघितला, तो सेन्सरका है. हा बाहरका है, दुबईवाला. मेरेको क्या मालूम तुमको सेन्सरवाला चाहिए था. लोग तो यही माँगते हैं."

"सेन्सरवाल्यामंदी ती मरते का?"

"कौन?"

"बहीण."

"हाँ, मरती है."

"आन दुबईवाल्यात?"

"उसमें भी मरती है. अभी देखा ना तुमने?"

"मंग तिसरा कुठला हाय? ज्यात ती मरत न्हाय?"

हनीफभाईनं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. फळीवर शेकडो कॅसेटी होत्या, त्यानं खरंच एकदा त्यांच्याकडे वळून बघितलं. "ऐसा तो कहीं नहीं आता," तो म्हणाला. "सेन्सर कपडा काटता है, बहन. मरना नहीं काटता."

"तुमच्याकडं दोन मशीन हायत ना? एकातलं दुसऱ्यात घेता ते?"

"है."

"मंग करा. ती तोंड धुते, फोटोला नमस्कार करते आन दारातून बाहेर पडते. तिथं थांबवायचं. विहीर घ्यायची न्हाय."

"और वो दरवाजा बंद करनेवाला?"

कलावतीनं कॅसेट काउंटरवर ठेवली. म्हणाली, "कडी लावतो तेवढं ऱ्हाऊ द्या. लोकांना कळू दे कशापायी मारतो ते. बांधावरून न्हाय मारत."

"ठीक है. पन मग बाहर निकलके वो जाती कहाँ है? आगे पूरे पिक्चर में नहीं है वो. देखनेवाले पूछेंगे."

"मामाकडं," कलावती म्हणाली. "मामाकडं जाते, तिथं तिला काम लागतं. विचारलं तर सांगा."

धोंडूबाईनं शटर सोडलं नाही. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, कशाबद्दल ते तिलाच ठाऊक. हनीफभाईला तेव्हा आम्ही दिसलो. तो काहीतरी बोलणार होता, पण त्यानं कॅसेट घेतली आणि आतल्या मशीनकडे गेला.

घरी परत येताना कलावती पुढे आणि आम्ही दोघी मागे. ती झपाझप चालत होती, मध्येच थबकायची, भिंतीच्या कडेला व्हायची, परत चालायला लागायची. चाळीच्या तोंडाशी ती थांबली आणि मला म्हणाली, "बाई, बालवाडीतली पोरं चावतात काय?"

"चावतात," मी म्हटलं. "मारतातसुद्धा."

"मंग सोमवारी न्हाय. मंगळवारी येतंय."

मंगळवारी आली. अर्धा दिवस राहिली आणि घरी गेली. बुधवारी आली नाही. गुरुवारी आली. पहिले दोन महिने असंच चाललं आणि मुख्याध्यापिकेचं मी बरंच ऐकून घेतलं. मग ती रोज यायला लागली. येताना धोंडूबाई मागे पंधरा-वीस पावलांवर, कलावतीला माहीत नाही अशा समजुतीनं, आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर चिंचेखाली येरझाऱ्या. शिपाई म्हणायचा, हिला आत बसवा, नाहीतर माझी नोकरी जाईल, लोक तिलाच वॉचमन समजतात.

हनीफभाईनं बनवलेली ती कॅसेट आम्ही पुढच्या शुक्रवारी बघितली. जोड बरोबर बसला नव्हता. बहीण दारातून बाहेर पडते आणि एकदम कोर्टातला पंखा दिसतो. जाईबाईनं सवयीनं विचारलं, कुठं गेली गं ती? धोंडूबाईनं तोंड उघडलं, पण कलावतीनं आधी सांगितलं. मग हिरोनं त्या माणसाला मारलं तेव्हा बायकांनी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. मला त्या आवडल्या नाहीत आणि मी वाजवल्याही, दोन्ही खरं.

पुढे ब्याण्णव-त्र्याण्णवला चाळीत केबल आली. घरोघरी दिवसभर सिनेमे, आणि केबलला मागेपुढे करायचं बटण नसतं. धोंडूबाईला हे कोणी कितीही समजावलं तरी पटेना. ज्यानं लावलंय त्याला थांबवता येत असेल ना, म्हणायची. एकदा केबलवाल्याच्या घरी जाऊन आली. व्हिडिओ बिघडला, दौलतला दुरुस्तीचा भाग मिळाला नाही, हनीफभाईनं दुकानात कापड ठेवलं.

कलावती अजून बालवाडीतच आहे, आता नोकरीत कायम झाली. एका शुक्रवारी शाळेतून माझ्याबरोबर आली आणि मला चहाला घरात घेऊन गेली. केबलवर कुठलासा जुना सिनेमा चालू होता. भावाला नोकरी लागली होती, घरात पेढे वाटत होते. धोंडूबाई उठून टीव्हीसमोर गेली होती आणि कमरेवर हात ठेवून उभी होती. पाठीमागे बघायला कोणी नव्हतंच.

"आते, बस की आता," कलावती चपला काढता काढता म्हणाली.

"बसतंय गं," धोंडूबाई म्हणाली, आणि पदर जरा पसरून तशीच उभी राहिली.